गाडीवरचा सरपंच

"सरपंच आहेत का घरात?"

दारात पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातला माणूस उभा होता. बगलेत फायली, कपाळावर घाम. माझी शालनवहिनी गोठ्यातून नुकतीच बाहेर आली होती आणि तिचे हात कोपरापर्यंत शेणाने भरले होते.

"हायेत की," ती म्हणाली. "काय काम हुतं?"

"माळावरच्या वस्तीच्या नळाचं. पण ते सरपंचांशीच बोलावं लागेल."

"मग बोला की."

त्याने वहिनीच्या खांद्यावरून घरात डोकावून पाहिलं. आत माझी आई शेंगा फोडत बसली होती. मग त्याने अंगणातल्या गाडीकडे बोट केलं.

"गाडी तर इथंच दिसतेय. झोपलेत का साहेब?"

गाडी इथंच होती, हे खरं. काळीभोर, पुसून लखलखीत केलेली, आणि पेट्रोलच्या टाकीवर दोन्ही बाजूंना पिवळ्या रेडियमचं ठसठशीत स्टिकर: सरपंच. गाडी माझ्या थोरल्या भावाची, हणमंतदादाची. सरपंच मात्र त्याची बायको होती. म्हणजे त्या माणसासमोर शेणाचे हात घेऊन उभी होती ती.

दादाला सरपंच व्हायची हौस मिसरूड फुटल्यापासून. नेमकी त्याची वेळ आली आणि आमच्या गावची जागा बायकांसाठी राखीव निघाली. दादा दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी त्याला आठवलं की आपल्याला बायको आहे. वहिनी भाकरी थापत होती तिथंच उमेदवारीच्या अर्जावर तिची सही घेतली. निवडून आल्यावर गुलाल दादाच्या अंगावर पडला, हार दादाच्या गळ्यात पडले, आणि वहिनीने आपल्या विजयाची मिरवणूक माडीवरून पाहिली. पुढच्याच आठवड्यात दादा तालुक्याला जाऊन गाडीवर रेडियम लावून आला. आमच्या भागात यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, पण नागोबा पडला माझा सख्खा भाऊ आणि मी आलेली पंचमीला माहेरी. मी कशाला बोलते!

वहिनीने हात धुतले, त्या माणसाला चहा दिला. मी सरपंच आहे, असं ती एकदाही म्हणाली नाही. मला वाटलं, लाजली असेल. तो चहा पिऊन उठला.

"सरपंचांना सांगा, उद्या पंधरा ऑगस्टची ग्रामसभा आहे. तिच्यात ठराव झाला तरच माळावर पाईप टाकता येतील. नाहीतर ते दुसऱ्या गावाला जाणार. मी आणखी थांबवू शकत नाही."

"सांगते," वहिनी म्हणाली.

तो गेला. जाताना पुन्हा एकदा गाडीकडे बघून गेला.

"वहिनी, दादा गेलाय तरी कुठं?" मी विचारलं.

"तालुक्याला. जीपनं गेल्यात समदी मिळून."

"कशाला?"

"महिला सरपंचांचं प्रशिक्षन हाय."

हे ती इतक्या साधेपणाने म्हणाली की मला हसूही आलं नाही. मग तिने चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवलं. मला वाटलं, अंघोळीला असेल. पण पाणी कढत झाल्यावर तिने पातेलं अंगणात आणलं, एक जुनं लुगडं फाडलं, मऊ फडकं पाण्यात बुडवलं, चिमट्याने काढून पिळलं आणि वाफाळतं फडकं टाकीवरच्या त्या पिवळ्या अक्षरांवर पसरलं.

माझी तर पाचावर धारण बसली. दादा त्या गाडीला कुणाला हात लावू देत नसे. दसऱ्याला तिला हार घालताना फुलाचा देठसुद्धा रंगाला लागू नये म्हणून तो खाली रुमाल धरायचा. माझ्या नवऱ्याने, म्हणजे घरच्या जावयाने, एकदा सीटवर पिशवी ठेवली तर ती त्याने उचलून जमिनीवर ठेवली होती.

"वहिनी, काय करताय? दादा बघंल तर..."

"बघंलच की. गाडी काय लपवायची हाय?"

"निघायचं नाही ते असं. ब्लेड आणू का?"

वहिनीने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी बाळाला चिमटा काढायला निघाले होते.

"बलेड? आन रंगाला वरखडा पडला म्हंजे? वन्सं, त्यांचा जीव हाय ह्या गाडीत. गाडीनं काय कुनाचं वाईट केलंय?"

आई दारातून बघत होती. "राख लाव आन काथ्यानं घास," ती म्हणाली. "पितळंवरचं डागसुदिक जात्यात."

"न्हाई, आत्ती. राखंनं डाग जातील, पर चकाकीबी जाईल."

"पर काढतीस कशाला? चांगलं गाडीचं नाव हाय की ते."

"गाडीचं नाव न्हवं ते."

"मग काय लिवलंय?"

वहिनीने फडकं उचलून पुन्हा कढत पाण्यात बुडवलं. "सरपंच लिवलंय, आत्ती."

आई थोडा वेळ शेंगा फोडायची थांबली. "आगं बया," एवढंच म्हणाली आणि पुन्हा फोडू लागली.

मग वहिनीने मला सांगितलं की ही कला तिची आजची नाही. नवीन स्टीलच्या भांड्यावर ती मेली कागदाची चिठ्ठी असते ना, दुकानदाराची, ती ओढून काढली की अर्धी येते, अर्धी राहते आणि ताटावर जन्मभराचा चिकट डाग होतो. घासणीने घासावं तर नवं ताट पहिल्याच दिवशी जुनं दिसतं. तिच्या माहेरी लग्नाच्या रुखवताची सगळी भांडी तिनेच सोडवलेली. ऊब द्यायची, थांबायचं, कडेने उचलायचं आणि ओढायचं ते वर नाही, मागे. घाई केली की तुटतं. ती हे बोलत होती आणि तिचा हात फडक्यावर अलगद फिरत होता, तापल्या पोराच्या कपाळावर फिरावा तसा.

चौथ्यांदा की पाचव्यांदा फडकं ठेवल्यावर तिने 'स'च्या टोकाशी नख लावून पाहिलं. नख म्हणजे नखाची कड, टोक नव्हे. अक्षराचं टोक जरासं उचललं. तिने ते चिमटीत धरलं आणि टाकीलगत, मागे दुमडून, इतकं हळू ओढायला लागली की मला वाटलं ते हलतच नाही. पण हलत होतं. वरच्या रेघेने अक्षरं एकमेकांना बांधलेली होती, त्यामुळे 'स'च्या मागून 'र' आला. तिथं ते अडलं. मी असते तर हिसडा दिला असता. माझ्या स्वभावात थांबणं नाही, सासरी रोज ऐकते. वहिनी थांबली. पुन्हा फडकं, पुन्हा वाफ. वाकळ शिवायचा जाड दोरा तिने घेतला, दोन्ही हातांनी ताणला आणि अक्षरांच्या खालून करवतीसारखा पुढे-मागे सरकवत नेला. दोरा रंगाला लागत होता, पण दोऱ्याने काय ओरखडा पडणार?

"तुम्ही रागावलाय दादावर," मी म्हणाले.

"न्हाई."

"मग?"

"त्यो मानूस चा पिऊन ग्येला, वन्सं. पर सरपंच कोन हाय, ह्ये न इच्यारता ग्येला. माळावरच्या बाया ओढ्यातनं घागरी आनत्यात. हौसाबाईचा पाय मोडला गेल्या उन्हाळ्यात, तिथंच, चढाला." तिने दोरा आणखी बोटभर पुढे नेला. "मी इच्यारलं हुतं ह्यांना. म्हनलं, नळाचं काय? तर म्हनले, त्या वस्तीनं मतं दिली न्हाईत, बघू म्होरल्या वर्सी."

"मग तुम्ही काय करणार?"

"म्होरल्या वर्सी न्हाई. उद्या. उद्याच्या सभंत मी बसनार हाय खुर्चीवर."

सहा महिने वहिनी ग्रामपंचायतीत जात होती ती सहीपुरती. ग्रामसेवक भाऊसाहेब बोट ठेवील तिथं नाव लिहायचं आणि परत यायचं. उद्यासाठीही दादाने ठरवून ठेवलं होतं: तिने झेंडा वर ओढायचा आणि घरी येऊन पाहुण्यांचा स्वयंपाक बघायचा. सभा तो घेणार होता.

बोलता बोलता 'च'सुद्धा सुटला. अख्खं 'सरपंच' एका तुकड्यात तिच्या हातात आलं आणि लोंबायला लागलं. राहिला तो फक्त 'प'वरचा ठिपका. तो वेगळा कापलेला, वाटाण्याएवढा, गोल. गोल वस्तूला कोपरा नसतो, मग नख लावायचं कुठं? आम्ही दोघी त्या ठिपक्यावर वाकलो. वहिनीने करंगळीला शेंगतेल लावलं, ठिपक्याच्या कडेने गोल गोल चोळलं, आणि बऱ्याच वेळाने तो निमूटपणे सरकला. खाली रंगावर गोंद राहिला होता. त्यावर तिने तेलाचा बोळा फिरवला, मग अंगाच्या साबणाचं फेसाळ पाणी, मग कोरडं फडकं. भांड्याची पावडर मी आणून दिली होती, ती तिने तशीच परत दिली.

दुसरी बाजू लवकर झाली. तोपर्यंत मी फडकी पिळून देण्याइतकी तयार झाले होते. खरं सांगायचं तर मी दादाची लाडकी, भांडण झालं तर त्याच्याच बाजूने उभी राहणारी. पण त्या दुपारी ओणवी झालेली ती बाई बघून मला वाटलं, आपल्या घरात एवढं मोठं माणूस नांदतंय आणि आपल्याला पत्ताच नाही.

दादा दिवे लागायच्या आधी आला. जीपमधून उतरला तो फणफणतच. जीपमधून शेजारच्या गावच्या सरपंचिणीचा नवरा ओरडला, "येतो, शालनताई," आणि सगळे हसले. जीप गेली.

"काय रं झालं?" आईने विचारलं.

"काय हुतंय? हजेरी घेतली त्या म्याडमनं. नाव घेती आन हुभं ऱ्हावा म्हनती. शालन हणमंत मोहिते! समद्या हॉलम्होरं मी हुभा. वर म्हनती, ताई, तुमच्या गावातल्या बायकांच्या अडचनी सांगा." दादा पायरीवर बसला. "काय सांगू? मला एक अडचन म्हाईत न्हाई. दिवसभर शालन हुतो मी, आये."

आईने पदर तोंडाला लावला. मी आत पळाले आणि खांबाच्या आड हसून घेतलं. वहिनी हसली नाही. तिने तांब्या भरून दिला आणि तो पाणी पीईपर्यंत उभी राहिली.

मग दादा रोजच्यासारखा खिशातला रुमाल काढून गाडी पुसायला गेला.

दादा टाकीच्या या बाजूला गेला, मग त्या बाजूला गेला.

"हितलं कुटं गेलं?"

"काढलं," वहिनी म्हणाली.

"कुनी?"

"मी."

दादा उकिडवा बसला. टाकीला डोळा लावून, उजेडाच्या तिरपीत धरून, बोट फिरवून त्याने इंच इंच तपासला. तो ओरखडा शोधत होता हे मला स्वच्छ कळत होतं. एवढासा जरी सापडला असता तरी त्याने घर डोक्यावर घेतलं असतं आणि सगळा गाव त्याच्या बाजूने बोलला असता. पण रंग जसाच्या तसा होता. उलट तेलपाण्याने जास्तच चकाकत होता. दादाला त्यात स्वतःचं तोंड दिसत असणार. चिडायला जागाच सापडेना.

"कशानं काढलंस?" बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

"कडत पान्यानं. आन शेंगतेलानं."

"वरखडा न्हाई कुटं."

"कसा पडंल? तुमची गाडी हाय ती."

दादा उठला. रुमाल हातात तसाच. "लोकं काय म्हनतील?"

"तुमची गाडी म्हनतील. आदीबी तुमचीच म्हनत हुती." आणि मग आणखी एक भाकरी वाढू का, असं विचारावं त्या आवाजात ती म्हणाली, "उद्याची सभा मी घेनार हाय. माळावरच्या नळाचा ठराव घेनार हाय."

"त्यांनी मतं दिली न्हाईत आपल्याला."

"तहान काय मतं बगून लागती व्हय?"

दादाने आईकडे बघितलं. आई शेंगांची टरफलं गोळा करत होती, तिने वर पाहिलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी पिळलेली फडकी दोरीवर टाकायला लागले.

"आन मी?" दादा म्हणाला. त्याचा आवाज एकदम उतरला होता. "मी कुटं बसू तितं?"

"त्ये मी कसं सांगू," वहिनी म्हणाली. "त्ये तुमचं तुमी ठरवा."

तो त्या रात्री जेवला नाही. सकाळी आम्ही उठायच्या आत गाडीची किक ऐकू आली आणि गाडी तालुक्याच्या रस्त्याला लागली.

"ग्येला," आई म्हणाली. "परत चिकटवून आनाया ग्येला."

वहिनीने हिरवं इरकल नेसलं, कुंकू लावलं आणि शाळेच्या पोरांच्या रांगेसमोरून चालत जाऊन झेंडा वर ओढला. मग घरी न येता सरळ ग्रामपंचायतीत गेली. मी तिच्या मागे. आत दोन खुर्च्या, समोर सतरंजी. एका खुर्चीवर भाऊसाहेब. दुसऱ्या खुर्चीवर सहा महिने दादा बसत आला होता. वहिनी त्या खुर्चीवर बसली. तिचा पदर मागे अडकला तो तिने काढून घेतला, बाकी काही झालं नाही. सतरंजीवरचे पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. मागच्या भिंतीला बायका होत्या, माळावरच्या बऱ्याच आल्या होत्या. हौसाबाई काठी टेकत आलेली.

सभा सुरू झाली आणि बाहेर गाडी थांबली. सगळ्या माना वळल्या. मी आधी टाकी बघितली. काळी, कोरी. तो तालुक्याला कशाला गेला होता, अर्ध्या वाटेतून परत आला होता का, हे आम्हाला कधीच कळलं नाही. आज त्याला कितीतरी वर्षं झाली, अजून विचारायची माझी छाती नाही. दादा आत आला नाही. चौकटीला टेकून दारातच उभा राहिला.

वहिनीने विषय मांडला. आवाज आधी थोडा कापला, मग सरळ झाला. माळावरच्या वस्तीला नळ द्यावा. सूचक म्हणून हौसाबाई काठीवर उठून उभी राहिली.

"अनुमोदक कोण?" भाऊसाहेबांनी विचारलं.

सतरंजीवरचे सगळे पुरुष दाराकडे बघत होते. आमच्या गावात दादाची मान हलल्याशिवाय हात वर होत नसत. बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे बघितलं आणि खाली बघितलं.

भाऊसाहेब वहिनीकडे झुकले. "ताई, पुढच्या सभेला घेऊ का? माणूस उठत नाही."

"थांबा जरा," वहिनी म्हणाली.

ती दाराकडे बघत नव्हती. घाईही करत नव्हती. आदल्या दुपारी 'र'पाशी अडलं तेव्हा थांबली होती, तशीच बसून राहिली. बाहेर पोरांना वाटलेल्या गोळ्यांचे कागद उडत होते.

"माजं अनुमोदन हाय," दारातून दादा म्हणाला.

सभेत एक हुंकार उठला. दादाच्या मित्रांनी टोप्या सारख्या केल्या, मग पटापट हात वर झाले. भाऊसाहेबांनी लिहायला घेतलं आणि नेहमीच्या सवयीने म्हणाले, "अध्यक्षांनी ठराव वाचून दाखवावा. सूचक आणि अनुमोदकाच्या नावासकट."

मागच्या बायकांत खुसपूस झाली. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलंच तर हळदीकुंकवाला, उखाण्यात, लाजून, सगळ्या हसत असताना. एक आजी तर बोललीच, "उखान्यात घे गं पोरी."

वहिनी उभी राहिली. तिने ठराव वाचला. हौसाबाईचं पूर्ण नाव वाचलं. मग क्षणभर थांबून, न लाजता, न हसता, समोर बघून ती म्हणाली, "अनुमोदक, श्री. हणमंत ज्ञानदेव मोहिते, ग्रामस्थ. ठराव मंजूर."

कुणी हसलं नाही. दादाने चपला काढल्या, दारातून आत आला आणि सतरंजीवर, लोकांनी सरकून दिलेल्या जागेत मांडी घालून बसला.

"भाऊसाहेब," वहिनी खाली बसत म्हणाली, "म्होरला इषय घ्या."